टी३ नसलेल्या पेशी मिळवताना

यकृतपेशींतील जनुकांवर थायरॉइड संप्रेरकाचा काय परिणाम होतो हे मोजण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते सोपे वाटले होते. हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी यकृतपेशींच्या निम्म्या प्लेटांत टी३ (थायरॉइड संप्रेरकाचे सक्रिय रूप) घालायचे, २४ तासांनी आरएनए काढायचा आणि क्यूपीसीआरवर, म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीवर, तुलना करायची, एवढाच बेत होता. डीआयओ१ हे जनुक मी मुद्दाम निवडले, कारण टी४चे (त्याच संप्रेरकाच्या कमी सक्रिय रूपाचे) टी३मध्ये रूपांतर करणारे विकर त्याच्यापासून बनते आणि टी३ मिळाले की त्याची अभिव्यक्ती यकृतात वाढते. तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखेच आले.

प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये नेमके जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, आरएनएची शुद्धता पुन्हा तपासली, टी३चे द्रावण नव्याने केले. त्यात काही आठवडे गेले. दोष होता तो माध्यमात. पेशी वाढाव्यात म्हणून आपण जे गर्भस्थ वासराचे सिरम घालतो, त्यात थायरॉइड संप्रेरके मुळातच असतात. म्हणजे माझ्या ‘टी३ नसलेल्या’ पेशींना ते पहिल्या दिवसापासून मिळत होते. मग सिरम आयन-विनिमय रेझिन आणि सक्रिय कोळशासोबत रात्रभर थंडीत ढवळून, गाळून घेतले आणि पेशी दोन दिवस त्यातच ठेवल्या. त्या मंद वाढल्या, पण तग धरून राहिल्या.

दुसरी अडचण अशी की हेपजी२ पेशींत थायरॉइड रिसेप्टर, म्हणजे टी३ ज्यावर बसते ते प्रथिन, मुळातच कमी असतो. म्हणून त्याचा बीटा प्रकार कायमस्वरूपी घातलेल्या पेशी घेतल्या, कारण यकृतात तोच प्रमुख असतो, तर हृदयात अल्फा. (२०२४ साली अमेरिकेत यकृताच्या आजारासाठी मान्य झालेले रेस्मेटिरोम याच भेदाचा फायदा घेते.)

या पेशींत टी३ नसताना डीआयओ१ साध्या हेपजी२ पेशींपेक्षाही खाली गेलेले दिसले, तेव्हा आधी मला पुन्हा चूक झाल्याचीच शंका आली. मात्र हा रिसेप्टर टी३ची वाट पाहत रिकामा बसत नाही. आरएक्सआर या जोडीदार प्रथिनासह तो डीएनएवर, बहुधा एजीजीटीसीए ही अक्षरे चार अक्षरांच्या अंतराने दोनदा येतात अशा जागी, आधीच बसलेला असतो आणि सहदमनक प्रथिनांकरवी हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) अ‍ॅसिटिल गट काढवून जनुक दाबून धरतो. टी३ बसल्यावर त्याचा आकार बदलतो, सहदमनके सुटतात, त्यांच्या जागी सहसक्रियक येतात आणि तेच जनुक खुले होते.

टी३ घातलेल्या प्लेटांत डीआयओ१चे सीटी मूल्य (संकेत दिसायला क्यूपीसीआरची जितकी दुपटीची चक्रे लागतात तो आकडा) या वेळी सुमारे तीनने उतरले, म्हणजे आरएनए जवळपास आठपट झाला. आता सिरमची नवी बाटली आली की ते गाळून झाल्यावर प्रथम याच जनुकावर तपासते आणि मगच बाकीच्या जनुकांच्या प्लेटा लावते.