ऐंशी जुड्या

आमची रोपवाटिका गुहागर तालुक्यात आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी बघते. माड, पोफळ म्हणजे सुपारी, थोडी जायफळ, थोडी मिरी. रोपं वाढवायला सासऱ्यांनी शिकवलं. रोपं पाठवायला मात्र मी एका चुकीतून शिकले, म्हणून आधी ती चूक सांगते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, इकडे दापोलीचा किनारा, सगळीकडे पोफळीच्या वाड्या अक्षरशः झोपल्या. त्या पावसाळ्यात आम्हाला फोनवर फोन. एका बागायतदारांना घाईत पोफळीची दोनशे रोपं धाडली. टेम्पोत जागा अपुरी, म्हणून आडवी घालून एकावर एक दोन थर रचले. सकाळीच पाणी मारलेलं होतं, पानं ओली होती. वरून ताडपत्री गच्च आवळली. उतरवताना रोपं हिरवीगार दिसली. त्यांनी पैसेही लगेच पाठवले.

दीड महिन्याने त्यांचा फोन आला. "ताई, मधलं पान धरलं की हातात येतंय."

मी जाऊन बघितलं. पोफळीचं नवं पान न उघडता सुईसारखं सरळ वर येतं, त्यालाच आम्ही कोंब म्हणतो. मी दोन बोटांत धरून ओढलं तर काही जोर न लावता सुटून आलं. खालचं टोक तपकिरी, बिळबिळीत, आणि वास येत होता. साठेक रोपं अशी गेली होती.

आंब्याच्या कलमाचा शेंडा मोडला तर खालून फुटवे येतात. माडाला आणि पोफळीला ती सोय नाही. वाढायची जागा एकच, पानांच्या पोटात दडलेली. ती दबली किंवा तिथे पाणी साचून कुजली की रोप संपलं. आणि ते लगेच कळतही नाही, कारण बाहेरची जुनी पानं महिनाभर हिरवी राहतात. आम्ही पुढच्या वर्षी त्यांना तितकी रोपं फुकट दिली, पण त्यांचं एक वर्ष गेलं ते गेलंच. ते अजूनही माझ्या मनातून जात नाही.

2021 च्या मे महिन्यात दिवेआगरहून एका काकींचा फोन आला. चारशे पोफळी आणि पंचवीस माड हवे होते. मी पहिला प्रश्न विचारला, "काकी, सावली आहे का?" वादळात वाडीतली मोठी झाडं पडली की उघड्यावर राहिलेल्या पोफळीही दुपारच्या पश्चिमेकडच्या उन्हाने करपतात, मग कोवळ्या रोपाचं काय! काकी म्हणाल्या, "केळी लावल्यात गं गेल्याच वर्षी. डोक्याएवढ्या झाल्यात." मला बरं वाटलं. ही बाई घाईत नव्हती.

रोपं श्रीवर्धनी जातीच्या सुपारीची होती. बियाणं सासऱ्यांनी फार पूर्वी त्याच किनाऱ्यावरून आणलेलं, त्या झाडांची ही पिल्लं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी पिशव्यांना बुंध्याशी पाणी दिलं, भरण्याच्या दिवशी थेंबही नाही. मांडवाखाली पानं कोरडी होऊ दिली. मग मी आणि मावशी बांधायला बसलो. पाच रोपं उभी जवळ घ्यायची, पिशव्यांभोवती ओलं गोणपाट, त्यावर सुंभ. पानं वर गोळा करून पोफळीच्या सुकलेल्या विरीत, म्हणजे पानाच्या बुडाशी खोडाला वेढणाऱ्या रुंद पापुद्र्यात, गुंडाळायची. ती भिजवून मऊ केली की कापडासारखी वळते, आणि दोरी पानाला काचत नाही. दोरी वरच्या बाजूला, सैल, बोट सरकेल इतकी. कोंबाच्या जागी काहीही बांधायचं नाही. मावशींनी पाचव्या-सहाव्या जुडीला हात थांबवून विचारलं, "इतकं कशाला?" मी त्यांना त्या साठ रोपांचं सांगितलं. पुढच्या जुडीपासून त्या स्वतः बोट घालून बघायला लागल्या.

अशा ऐंशी जुड्या झाल्या. माडांना पिशवी नाही. वाफ्यातून काढलेलं रोप नारळाला धरून उचलायचं, मानेला कधीच नाही. नारळाच्या आत जो पांढरा, स्पंजासारखा गोळा होतो, त्यावर रोप अजून जगत असतं. मानेला धरून हिसका बसला की ते नातं तुटतं. हे टेम्पो भरणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं, दर वेळी.

पिकअपच्या हौद्यात सगळ्या जुड्या उभ्या लावल्या, फटींत पेंढा. वर बांबूच्या कमानी करून त्यांवर ताडपत्री, म्हणजे पानांना टेकत नाही. या खेपेला मी स्वतः बरोबर निघाले.

धोपाव्याला फेरीबोट मिळाली, दाभोळला उतरलो. दापोली, मंडणगड करत वेसवीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बाणकोटच्या खाडीत वारा भरला होता. फेरी बंद. समोर बागमांडला दिसत होतं, आणि जाता येत नव्हतं. लांबचा वळसा रात्रीच्या पावसात घ्यायला ड्रायव्हर भाऊ तयार नव्हते, आणि ते बरोबर होतं. सकाळपर्यंत थांबायचं ठरलं.

गाडी चालू असते तोवर ताडपत्रीखाली वारा खेळतो. गाडी उभी राहिली की थांबतो. नऊच्या सुमारास मी मागून हात आत घातला. हाताला ऊब लागली, दमट, न्हाणीघरात असते तशी. विरीच्या आत पानांना घाम सुटला होता. माझ्या पोटात गोळाच आला. तो वास मला ओळखीचा होता, अजून आलेला नव्हता, पण कुठून येतो ते माहीत होतं.

भाऊंना म्हटलं, सगळं सोडायचं. ते बघतच राहिले. मग काही न बोलता त्यांनी ताडपत्रीच्या दोन्ही बाजू वर बांधल्या, नुसतं छत ठेवलं. मी हौद्यात चढले, मोबाइलची बॅटरी दातांत धरली आणि एकेक विरी सोडत गेले. पानं मोकळी झाली की सावकाश फाकायची, आवाज यायचा हलकासा. काही रोपांच्या पोटात पाणी साठलं होतं. ते हळूच कलती करून निथळवली, उरलेलं माझ्या ओढणीच्या टोकाने टिपलं. भाऊ खालून जुड्या वळवून देत होते. ऐंशी जुड्या सोडायला अडीच तास लागले. बाजूने पावसाचे तुषार येत होते, पण वाराही येत होता, आणि मला वाराच हवा होता. उभ्या गाडीत पानं मोकळी राहिली तर बिघडत नाही. चालत्या गाडीत फाटतात. म्हणून पहाटे पाचला परत सगळ्या बांधल्या.

आठला फेरी सुटली.

दिवेआगरला काकी वाडीच्या दारात उभ्या होत्या. आत एका बाजूला पडलेल्या पोफळींचे ओंडके अजून रचून ठेवलेले, आणि केळींच्या सावलीत ओळीने, नऊ-नऊ फुटांवर खड्डे तयार. एक मुलगा रोप मानेला धरून उचलायला गेला, तर माझ्या आधी त्याच ओरडल्या, "अरे, पिशवीला धर!" मी तिथेच निर्धास्त झाले.

निघताना मी त्यांना एक काम सांगितलं. दहा-बारा रोपांवर कोंब आणि शेजारचं उघडलेलं पान, दोन्हींवरून एकाच पातळीत आडवी रेघ ओढायची. कोंब जिवंत असेल तर त्याच्यावरची रेघ वर सरकते, पानावरची जागेवर राहते. शेजारी होडी रंगवायचा लाल ऑइलपेंट होता, काकींनी काडीने त्याच्याच रेघा ओढल्या.

पुढचे चाळीस दिवस मी फोन केला नाही. धीर झाला नाही, खरं सांगायचं तर. ऑगस्टमध्ये एका दुपारी काकींचाच आला. हॅलोसुद्धा न म्हणता त्या म्हणाल्या, "बाराच्या बारा सरकल्या गं. एक तर चांगली चार बोटं वर गेलीय."