सरांचा रुमाल

दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे मला पोस्टातल्या नोकरीने शिकवलं. फोडून वाचलं तरी कळू नये असं पत्र लिहिता येतं, हे मात्र त्याआधीच इतिहासाच्या सरांकडून कळलं होतं.

नववीत असताना 'गुलामगिरी'चा विषय निघाला. जोतीरावांनी १८७३ साली ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, एवढं सांगून सरांनी पुस्तक मिटलं आणि थेट तिथलं मेरीलँड राज्य गाठलं.

हॅरिएट टबमन ही गुलाम बाई १८४९ साली तिथून पळाली. भाऊ मागेच राहिले. १८५४च्या नाताळानंतर लगेच त्यांचा लिलाव होणार होता. हॅरिएटला लिहिता येत नव्हतं. तिने दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं आणि जेकब जॅक्सन या स्वतंत्र, साक्षर काळ्या माणसाला धाडलं. खाली सही त्याच्या दत्तक मुलाची. मजकूर भाविक: म्हाताऱ्यांना पत्र वाचून दाखवा, भावांना म्हणावं प्रार्थनेत जागे राहा, झायनचं, म्हणजे देवाच्या नगरीचं, जहाज आलं की चढायला तयार असा. पत्र आधी गोऱ्यांनी वाचलं. ज्याची सही, त्याला ना आईबाप ना भाऊ! संशय येऊन त्यांनी जेकबला बोलावलं. हॅरिएट भावांना न्यायला येतेय, हे त्याला उमगलं, पण म्हणाला, "हे माझं नसणार, मला काही अर्थ लागत नाही." आणि गुपचूप भावांना निरोप पोचवला.

मग काय, आमच्या बाकांवरून 'जहाज आलं'च्या चिठ्ठ्या फिरू लागल्या. जहाज म्हणजे मागची खिडकी. एक चिठ्ठी सरांच्याच हाती लागली. वाचली, घडी घातली, "मला काही अर्थ लागत नाही" म्हणत परत दिली. खिडकीला मात्र दुसऱ्या दिवशी कडी बसली.

तिघे भाऊ नाताळात आईबापाच्या खोपटाजवळ चाऱ्याच्या कोठीत लपले. आई त्यांची जेवायला वाट बघत होती. फटीतून दिसत होती. तिला कळवलं नाही, तिचा हंबरडा आवरला नसता. बापाने अन्न आणून दिलं, निरोप देताना डोळ्यांवर रुमाल बांधला. उद्या कुणी विचारलं तर 'पोरांना पाहिलं नाही' हे खोटं ठरू नये.

हे सांगताना सरांनी खिशातला रुमाल खरंच डोळ्यांवर बांधला आणि दोन रांगांमधून चाचपडत निघाले. आम्ही खिदळत होतो. शेवटच्या बाकावर मी. खडूने भरलेला हात माझ्या डोक्यावर टेकला.

"कोण आहे रे? मला दिसलं नाही हं," सर म्हणाले.