शड्डू

प्लास्टर कापलं की आतला पाय बघून भलेभले गप्प होतात. कोल्हापुरात फिजिओथेरपी करताना मला त्याची सवय झालीय. पण १९ वर्षांचा पैलवान गडी टेबलावर बसून हुंदके द्यायला लागला, तेव्हा मलाही काय बोलावं सुचेना.

सरावात नडगीचं हाड मोडलेलं. मांडीपासून पावलापर्यंत ७ आठवडे प्लास्टर. आतून निघालेला पाय त्याला ओळखूच येईना. कातडीवर पिवळट खवले, मांडी लोंबलेली. खवल्यांचं काही नाही. कातडीच्या तळातली पेशी वर येऊन गळायला साधारण महिना घेते. एरवी आंघोळीत, कपड्यांना घासून ती कधी गेली कळत नाही. इथं सगळ्या जागच्या जागी साचलेल्या. कोमट पाणी आणि थोडं खोबरेल, आठवड्यात साफ. मांडीला टेप लावली: उजवी ६१ सेंटिमीटर, डावी ५४.

"तेल लावून रगडतो की आठ दिवस," सोबतचे वस्ताद म्हणाले. "हाड जुळलंय नव्हं?"

एक्स-रे दिव्यासमोर धरला. मोडल्या जागेभोवती ढगासारखी गाठ दिसत होती. हाड आधी घाईघाईनं असं जोडकाम करतं आणि मग महिनोन्‌महिने ते तासत बसतं. भार पडेल तिथं भर घालतं, नको तिथलं काढून टाकतं. म्हणून कुबड्यांवर थोडा थोडा भार द्यायचा, रगडायचं मात्र अजिबात नाही. वस्तादांना पटलं नाही, पण गप्प बसले.

खरी अडचण पुढंच होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हटलं, खाली दाब. उजव्या पायानं टॉवेल चेपून टाकला. डाव्याची वाटीसुद्धा हलेना. दात खाल्ले, चेहरा लाल झाला, कंबर उचलली गेली, मांडी ढिम्म.

"मॅडम, नस तुटलीय माझी."

नस शाबूत होती. पाय इतके दिवस बांधून पडला की मेंदू त्या स्नायूला हुकूम धाडायचा कमी होतो, आणि आखडलेला गुडघा उलट 'थांब' असाच निरोप देत राहतो. करंट लावला तर मांडी टुणकन आकसली. "ही मशीन करतीय, मी नाय," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

मग मी बोटांनी मांडीवर टपटप करायला लागले. त्या हलक्या ताणाची खबर मज्जारज्जूत जाते आणि झोपलेला स्नायू कधी कधी जागा होतो. दहा मिनिटं झाली. वस्तादांना राहवेना.

"बाई, गुदगुल्या काय करताय त्याला?" आणि पोराकडं वळून, तालमीतल्या आवाजात: "शड्डू ठोक!"

मी "हळू, हळू" म्हणेपर्यंत थाप पडलीसुद्धा. मोड नडगीत, थाप मांडीवर, तरी माझ्या पोटात गोळा आला. आणि वाटी हलली. जेमतेम बोटाच्या पेराएवढी, पण वर सरकली. दुसरी थाप, परत सरकली. पोरगं रडता रडता हसायला लागलं.

माझा अंदाज असा, की लहानपणापासून थाप आणि मांडी आवळणं त्याच्या अंगात एकत्रच मुरलेलं. माझ्या हुकमाला त्या वाटेनं जाता येत नव्हतं.

सहा आठवड्यांनी तो पाय सरळ उचलून धरत होता, तरी टेप ५५.५ वरच. तो हिरमुसला. पहिल्या आठवड्यांत जोर वाढतो तो मुख्यतः मज्जातंतू स्नायूचे जास्त धागे कामाला लावायला शिकतात म्हणून. धागे जाड व्हायला वेळ लागतो. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर वस्ताद बोलून गेले, "नव्या पोराला पण आधी जोर येतो लेका, अंग मागनं भरतं."

पलीकडच्या टेबलावर गुडघेदुखीच्या एक आजी येतात. हल्ली व्यायामाआधी त्याही नऊवारीवरून मांडीवर एक थाप हाणतात. मी मनाई केलेली नाही.