दोन दिवस वर्ग, तीन दिवस कारखाना

अमेरिकेतल्या केंटकीत २०१० मध्ये टोयोटाच्या पुढाकाराने ‘फेम’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस वर्गात बसतात आणि तीन दिवस कारखान्यात पगारी काम करतात.

कॉलेज आणि कारखान्याची अशी भागीदारी अडते ती बहुतेकदा शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीन चालतात तिथे. कुणाच्या हाताखाली शिकायचं हेच ठरलेलं नसेल, तर मुलगा झाडू मारत दिवस काढतो. म्हणून करारातच कामं लिहून घ्यावीत: मायक्रोमीटरचा (बारीक मापं घेणाऱ्या उपकरणाचा) शून्य तपासणं, वर्क ऑफसेट घेणं (नग नेमका कुठे बसवलाय ते संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला आकड्यांत सांगणं), टूलची म्हणजे कापणाऱ्या हत्याराची लांबी मशीनमध्ये भरणं, पहिला नग मोजून नोंदवणं.

ऑफसेटमध्ये दशांशचिन्ह एक घर सरकलं तरी टूल थेट व्हाइसवर (नग पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यावर) आदळू शकतं. त्यामुळे पहिला नग सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत चालवून), रॅपिड म्हणजे न कापता सरकण्याचा वेग अगदी कमी ठेवूनच काढायचा. घाई इथेच नडते.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे गरम नग मोजणं. १०० मिमी पोलाद १० अंशांनी तापलं की सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. मशीनवर बरोबर भरलेला नग थंड झाल्यावर कमी भरतो, आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या हाताला लागतो!

शिकवणाऱ्या कारागिराचं उत्पादनाचं लक्ष्य तेवढं कमी करा. नाहीतर तो शिकवणारच नाही.