हॉकी स्टिकचा धंदा आणि जीएसटी नंबर: माझा अनुभव

‘पत्त्याचा पुरावा योग्य नाही.’ जीएसटीच्या नोटिशीतलं हे एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. काय योग्य नाही? नाव, तारीख, सही, की मामाचं घरच? त्याबद्दल अवाक्षर नाही. घरातल्या एका खोलीतून धंदा सुरू करायला निघालेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. माझा राग निवळावा हेही कारण आहेच.

धंदा हॉकीच्या सामानाचा. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, नदीपलीकडे खडकी, जिथे भारताचे माजी हॉकी कर्णधार धनराज पिल्ले घडले. एवढं असूनही इथल्या पोराला धड स्टिक हवी असेल तर स्पोर्ट्सच्या दुकानात क्रिकेट बॅटींच्या मागे धूळ खात पडलेल्या तीन-चार निघतात. कार्बन किती टक्के, बो (स्टिकचा बाक) कुठला, असं विचारलं की दुकानदार तोंडाकडे बघत बसतो. मी टर्फवर वाढलेला नाही, मुरुमावर खेळलेला माणूस आहे, पण स्टिक हातात घेतली की तिचा तोल कळतो. पॅरिस ऑलिंपिकच्या क्वार्टर फायनलनंतर, म्हणजे ४ ऑगस्ट २०२४ नंतर, आमच्या ग्राउंडवर नवीन पोरं यायला लागली. त्या मॅचमध्ये सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, उरलेली मॅच आपण दहा जणांत काढली, ब्रिटनला १-१ वर रोखलं आणि शूटआउट ४-२ ने जिंकलो. ते बघून आलेल्या पोरांच्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न एकच: स्टिक कुठे मिळेल? आधी मी जालंधरहून मागवून हातोहात द्यायचो. मग वाटलं, रीतसर करू.

रीतसर म्हणजे काय काय, ते थोडक्यात. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर होते, फुकट होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत. सर्च केल्यावर वर ज्या साइट दिसतात त्यातल्या बऱ्याच पैसे मागतात, तिकडे जाऊ नका, सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, ऑनलाइन निघाला. कामगार थोडे असतील तर २०१७ च्या कायद्याने फक्त सूचना द्यायची असते, कुणी तपासायला येत नाही. ही दोन्ही कामं इतकी सरळ झाली की मला वाटलं, लोक उगाच सरकारी कामांच्या नावाने बोटं मोडतात.

मग जीएसटी.

‘वर्षाला चाळीस लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी लागत नाही, तू कशाला भानगडीत पडतोस?’ असं निम्म्या नातेवाइकांनी विचारलं. मालासाठी ती मर्यादा खरी आहे, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर ती धरून चालत नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि हॉकीचं गिऱ्हाईक असतं कुठे? ओडिशाच्या सुंदरगडला, पंजाबात, कर्नाटकातल्या कोडगूत. कोडगूत तर १९९७ पासून घराण्याघराण्यांची हॉकी स्पर्धा होते, एकेका आडनावाची एकेक टीम. तिथल्या एका काकांनी घरातल्या सगळ्या पोरांसाठी स्टिक मागितल्या तेव्हाच ठरलं, नंबर काढायचा. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशन योजना घ्या, सोपी असते, असंही कुणी सांगेल. तिच्यात परराज्यात माल विकता येत नाही. शिवाय जालंधरच्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिटही, म्हणजे आपल्या करातून मिळणारी वजावटही, जाते.

जागा मामाची. स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्याचं जुनं घर, खालची खोली रिकामी. घरपट्टी मामाच्या नावावर. लाइट बिल मात्र अजून माझ्या आजोबांच्या नावावर येतं, आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या घरांत ही काही नवलाची गोष्ट नाही. बिल भरलं जातंय ना, मग नाव बदलायला महावितरणच्या ऑफिसात कोण जातंय? म्हणून मी मुद्दाम घरपट्टीची पावतीच जोडली. सोबत मामाचं संमतीपत्र आणि त्याचं आधार. नियमाप्रमाणे घरपट्टीची पावती, नगरपालिकेचा खाते उतारा किंवा लाइट बिल, यांतलं कुठलंही एक पुरतं.

नोटीस आली ती गणपतीत. तिला आरईजी-०३ म्हणतात. उत्तराला सात कामाचे दिवस असतात आणि उत्तर आरईजी-०४ मध्येच द्यायचं. नोटिशीत ते सुरुवातीचं अजरामर वाक्य, आणि खाली: लाइट बिल जोडा. मामा मंडळाच्या कामात, फोन उचलत नव्हता. शेवटी मांडवात जाऊन गाठला.

‘अरे, घरपट्टी दिलीय ना?’

‘दिलीय. त्यांना लाइट बिल हवंय.’

‘ते अण्णांच्या नावावर आहे.’

‘माहितीय मला.’

‘मग अण्णांचीच संमती घे म्हणावं,’ असं म्हणून मामा हसला. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

मागितलंय म्हणून लाइट बिल दिलं. सोबत एक पत्र दिलं: बिल आजोबांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत, घराचा मालक मामा आहे, त्याची घरपट्टी आधीच जोडली आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर २०२५ ला, बिहारमधल्या राजगीरला हॉकीच्या आशिया चषकाची फायनल होती. आपण कोरियाला ४-१ ने हरवलं आणि विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. ग्राउंडवरची सगळी पोरं मामाकडे गोळा झाली होती. मी मधूनमधून पोर्टल उघडून बघत होतो, रविवार असूनही. माणसाचं काय होतं बघा.

मग अर्ज फेटाळल्याचा आदेश आला. कारण: लाइट बिल आणि घरपट्टी यांवरची नावं जुळत नाहीत, संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर नाही. म्हणजे जो कागद मी दिलाच नव्हता तो त्यांनी मागून घेतला आणि त्याच कागदावरून अर्ज फेटाळला. वर आणखी एक शेरा होता, त्यावर मी दोन रात्री जागलो: राहत्या घरातून क्रीडासाहित्याचा व्यवसाय कसा चालणार याचा खुलासा नाही. खुलासा मागितलाच कधी होता?

हॉकीत टीमने व्हिडिओ रेफरल मागितला तर नुसतं ‘हे चुकलंय’ म्हणून भागत नाही. काय तपासायचं ते सांगावं लागतं: बॉलला पाय लागला का, बॉल गोलसमोरच्या सर्कलच्या आत होता का. पंच तोच प्रश्न वरच्या, व्हिडिओ बघणाऱ्या पंचाला विचारतो आणि उत्तर सगळ्यांसमोर मिळतं. माझ्या नोटिशीला प्रश्नच नव्हता, निकाल मात्र होता.

एका ओळखीच्या सीएने फी सांगितली आणि हळूच वरचा खर्चही सांगितला. मी नाही म्हटलं. तत्त्व वगैरे नंतर सुचलं, आधी डोक्यात गेली ती चीड.

तुमच्या कामाचा भाग हा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ ला अधिकाऱ्यांसाठी एक सूचना काढली आहे, क्रमांक ०३/२०२५-जीएसटी. मंडळाच्या साइटवर आहे, मोजक्या पानांची आहे, बसून वाचा. जागा आपली असेल, भाड्याची असेल, नातेवाइकाची असेल, तर कुठला कागद पुरेसा आहे ते त्यात लिहिलंय. संमतीपत्र साध्या कागदावर चालतं हे लिहिलंय. यादीबाहेरचे कागद मागू नयेत आणि अंदाजावर आधारलेले प्रश्न विचारू नयेत हेही लिहिलंय. ‘या जागेतून हा धंदा कसा होणार’ ही अशा प्रश्नाची जातच. मी ती वाचली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मोठ्याने हसलो, बायको उठली.

नवीन अर्ज केला. कागद तेच: घरपट्टी, साधं संमतीपत्र, मामाचं आधार. जास्तीचं एक पत्र जोडलं, त्यात आकडे घालून मुद्दे: जागा कोणाची, माझं नातं काय, कुठला कागद कशाचा पुरावा, सूचनेतला कुठला परिच्छेद, आणि शेवटी खोलीत नेमकं काय चालणार: स्टिक ठेवणे, ग्रिप बसवणे, पार्सल बांधणे. खोलीचे फोटो दिले, त्यात दारावरचा घर क्रमांक दिसेल असा एक. पुन्हा नोटीस आलीच, या वेळी तर कारण आणखी मोघम होतं. उत्तरात मी तेच पत्र लावलं, फक्त प्रत्येक मुद्द्याखाली ‘सोबतचा कागद क्रमांक अमुक’ असं घातलं. लाइट बिल दिलं नाही. रागाने एकही शब्द लिहिला नाही, आणि तसं लिहिताना फार त्रास झाला.

यानंतर जागा बघायला एक निरीक्षक आले. पन्नाशीचे, घामाघूम. मामीने पाणी दिलं, चहा त्यांनी नको म्हटलं. खोलीचे फोटो काढले आणि मग भिंतीवरची एक स्टिक उचलून विचारलं, ‘डावखुऱ्यांची वेगळी असते का हो?’ नसते म्हटलं. हॉकीत सपाट बाजू एकच, डावीकडची, सगळ्यांना त्याच बाजूने खेळावं लागतं. त्यांचा मुलगा डावखुरा होता, शाळेत हॉकी घ्यायचं म्हणत होता. मग वजन, लांबी, बॉल किती कडक, असं बरंच बोलणं झालं. स्टिक ७३७ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही हे ऐकून त्यांनी ती पुन्हा हातात तोलून बघितली. माझ्या फायलीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी नंबर आला. तोपर्यंत २२ सप्टेंबरपासून क्रीडासाहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे माझं पहिलंच बिल पाच टक्क्यांचं निघालं. मामा म्हणाला, बघ, उशीर झाला तो तुझ्या गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच. मामाला काही बोलता येत नाही.

आता सुटलेल्या गोष्टी, आठवतील तशा. अर्जदाराचा फोटो जेपीजीच लागतो आणि १०० केबीच्या आत. मोबाइलवरचा तसाच टाकला तर पोर्टल घेत नाही. अर्जाचा पहिला भाग भरला की तात्पुरता नंबर मिळतो, तो पंधरा दिवसच चालतो, तेवढ्यात दुसरा भाग संपवा. नोटिशीच्या मेलची वाट बघू नका, स्वतः लॉगिन करून बघत जा, कारण सात दिवस मेल वाचल्यापासून मोजत नाहीत. नंबर आल्यावर तीस दिवसांत बँक खातं पोर्टलवर टाकावं लागतं, आणि त्याआधी जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायची वेळ आली तर त्याच्याही आधी. करंट खात्याला बँक पुन्हा गुमास्ता, उद्यम सगळं मागते, म्हणून प्रिंट काढून ठेवा. दाराच्या पाटीवर नंबर लिहायचा असतो, हे मला शेजारच्या किराणावाल्याने सांगितलं. आणि नंबर आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कर्ज, वेबसाइट, विमा यांचे फोन सुरू होतात. ‘सर, अभिनंदन’ म्हणत कुणी बोलायला लागला की समजा.

विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच, नाहीतर दिवसाला वीस रुपये दंड चालू होतो. मी दर महिन्याचं घेतलंय, तारीख वीस. पुरुषांचा विश्वचषक ऑगस्ट २०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमला आहे, १५ ते ३० तारखेपर्यंत. म्हणजे त्या महिन्यातलं रिटर्न १४ च्या आत भरून टाकायचं, हे आत्ताच कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलंय. त्या पंधरवड्यात पोर्टल उघडायचं नाही.