बंपरवर फक्त एक ओरखडा होता

अकरा दिवसांची गाडी. सीटवरची प्लास्टिकची कव्हरंसुद्धा काढली नव्हती अजून, दार उघडलं की आतून तो कोरा वास. मी चौदा वर्षं बॉडीशॉपमध्ये आहे, रोज ठोकलेल्या गाड्याच बघतो, पण इतकी नवी गाडी जॉब कार्डवर आली की अजूनही कसंतरीच होतं.

नवरा-बायको दोघं आले होते. गाडी मॅडम चालवत होत्या, ट्रॅफिक मुंगीच्या पावलानं सरकत होता, पुढचा पिकअप एकदम थांबला आणि त्याच्या मागच्या टोइंग हूकला यांचा बंपर लागला. डाव्या बाजूला वीतभर ओरखडा आणि नंबर प्लेट थोडी वाकलेली, बास. सरांचं म्हणणं एकच, रंग मारून द्या, संध्याकाळपर्यंत होईल ना, क्लेम वगैरे नको, पहिल्याच महिन्यात नो क्लेम बोनस घालवायचा नाहीये.

मॅडम काहीच बोलत नव्हत्या. सर फोनवर बोलायला बाजूला गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "आवाज मोठा आला होता हो, बेल्ट एकदम आवळला. आणि काल हायवेला क्रूझ लावलं होतं तर आमच्या पुढे कोणीच नव्हतं, शेजारच्या लेनमधून ट्रक जात होता आणि गाडीनं मधेच ब्रेक मारला. हे म्हणतात तुला अजून सवय नाहीये."

हे ऐकलं आणि मी ओरखडा सोडून खाली बसून नंबर प्लेट बघायला लागलो. डावा अर्धा भाग आत गेलेला, स्क्रूचं भोक लांबट झालेलं. म्हणजे धक्का कोपऱ्यावर नाही, मध्याच्या जवळ बसलाय. आणि या गाडीचं पुढचं रडार, म्हणजे क्रूझ लावल्यावर पुढच्या गाडीचं अंतर बघून वेग आणि ब्रेक आपोआप सांभाळायला लागतो तो सेन्सर, बरोबर तिथेच, प्लेटच्या खालच्या जाळीमागे आहे.

आधी स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही, मीटरवर एकही दिवा नाही. सर म्हणाले बघा, काही नाहीये. मी त्यांना सांगितलं की दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक असं या बाबतीत धरता येत नाही, रडार तिरकं झालंय हे गाडीला कळायला बऱ्याचदा आधी पुरेसं अंतर चालावं लागतं आणि थोडासा फरक असेल तर ते आपलं आपण सांभाळून घ्यायला बघतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं की हा बिल वाढवतोय. त्यांना दोष देत नाही मी, आमच्या धंद्यात तसे लोक आहेतच. मग म्हटलं सर, नीट रंग द्यायचा तर बंपर उतरवावाच लागतो, तो तुमच्या समोर उतरवतो, आत काही नसेल तर फक्त रंग. आणि खोलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा तुम्ही स्वतः, क्लेम करा नाहीतर नका करू, पण एकदा खोलल्यावर आधीची अवस्था कुणालाच दाखवता येत नाही.

बंपर उतरला. बाहेरून एवढा सरळ कसा राहिला याचं उत्तर त्याच्या आतल्या बाजूलाच छापलेलं असतं, पीपी आणि ईपीडीएम, म्हणजे रबर मिसळलेलं प्लास्टिक, दाबलं जातं आणि परत फुगून जागेवर येतं. मागचा फोम तितका परत येत नाही. त्या फोमच्या ठोकळ्यात अंगठा आत जाईल एवढी खाच होती, गोल, टोइंग हूकच्याच मापाची. सरांनी त्यात स्वतः बोट घालून बघितलं आणि गप्प झाले.

त्याच्या मागे लोखंडी बीम, तो ठीक होता. पण बीम ज्या दोन डब्यांवर बसतो ते क्रॅश बॉक्स, त्यातल्या डाव्याला बारीक घडी पडली होती. दोन्ही बाजूंचं माप घेतलं, पाच मिलिमीटरचा फरक. आणि रडारचं ब्रॅकेट डावीकडून आत दबून पिळलेलं, अँगल गेजवर दोन अंशांच्या थोडं वर.

दोन अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण शंभर मीटर पुढे तेच साडेतीन मीटर होतात, म्हणजे जवळपास एक अख्खी लेन. गाडी आपल्या पुढचा रस्ता बघतच नव्हती, शेजारचा बघत होती. मॅडमनी सांगितलेलं अक्षर न अक्षर खरं होतं, आणि उलटं झालं असतं तर, म्हणजे समोर खरंच कोणी थांबलेलं असताना गाडीला ते दिसलंच नसतं तर, हे मी बोललो नाही पण सरांच्या लक्षात आलं.

आमचा डेंटर हाताचा पक्का आहे, तो म्हणाला क्रॅश बॉक्स आणि ब्रॅकेट दोन्ही ठोकून सरळ करून देतो, पार्टची वाट कशाला बघायची. मी नाही म्हटलं. क्रॅश बॉक्स बनवलाच आहे चुरगळण्यासाठी, एकदा घडी पडली की पुढच्या वेळी तो त्याच घडीवर भलताच मुडपणार, आणि असल्या मजबूत स्टीलला गरम करून सरळ केलं तर त्याचा कसच जातो. यात माझा हट्ट आहे आणि त्याला कारण आहे. कामाला लागलो तेव्हा सुरुवातीच्या काळात एका गाडीचा बंपर न उतरवता जागेवरच टचअप करून दिला होता. काही महिन्यांनी तीच गाडी परत एकदा हलकीशी ठोकून आली, डबा आधीच बसलेला, त्यामुळे धक्का सरळ मागच्या रेलपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेला होता. ती रेल ओढायच्या बेंचवर दोन दिवस मी उभा होतो आणि मालकाच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

तर फोम, डावा क्रॅश बॉक्स आणि ब्रॅकेट नवीन मागवलं. रडारची केस, लग (बसवायचे कान) आणि प्लग नीट तपासले, ते शाबूत होते. खर्च बघून सरांनी शेवटी क्लेमच केला, इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला तोपर्यंत बंपर तसाच उतरवून ठेवला होता, त्यानं खाच बघितली, जास्त प्रश्न विचारलेच नाहीत. पेंटरला बजावलं की ओरखड्यापुरतंच काम कर, मधल्या भागावर लांबीचा (पुट्टीचा) हात नको आणि रंगाचे जादा थर नकोत, कारण हे रडार 77 गिगाहर्ट्झचं, त्याची लाट जेमतेम चार मिलिमीटरची, समोर जाड थर आला की सिग्नल कमजोर पडतो. शेड नवीनच असल्यामुळे लगेच मिळाली.

कॅलिब्रेशननं, म्हणजे रडारची दिशा परत नेमकी जुळवण्यानं, मात्र दमवलं. सपाट फरशी, पुढे टार्गेट बोर्ड, मापं सगळी बरोबर, तरी फेल. दुसऱ्यांदा फेल. हवा बघितली तर मागच्या एका टायरमध्ये कमी, आणि डिकी उघडली तर घरच्या दोन जड बॅगा तशाच. मागून गाडी बसली की नाक वर जातं आणि नाकाबरोबर रडारही. बॅगा काढल्या, हवा भरली, तिसऱ्यांदा पास.

रस्त्यावरची टेस्ट बाकी होती. मी मॅडमनाच म्हटलं तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. सर मागे बसले. हायवेला क्रूझ लावलं, त्यांचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी, दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट. डावीकडून एक मोठा ट्रक आला, आमच्या बरोबरीनं चालला, थोडा पुढे गेला, गाडी आपल्या वेगानं जात राहिली. मग आमच्याच लेनमध्ये पुढे एक कार आली आणि गाडीनं अंतर ठेवून हळूच वेग कमी केला.

मॅडमनी पाय खाली टेकवला. "आता बरोबर बघतीये," म्हणाल्या.

मागून सर म्हणाले, "तू सांगितलं होतंस तेव्हाच आणायला हवी होती."