तुम्ही विचारलंत म्हणून: खरंच काही होतं का त्याने?

मी विचक्राफ्ट करते, म्हणजे मनात इच्छा धरून केलेले छोटे विधी. आठ वर्षं झाली, प्रश्न तोच. मेणबत्ती लावतेस, दाराशी मीठ ठेवतेस, कागदावर लिहून जाळतेस, ठीक आहे, पण खरंच काही होतं का त्याने? कुणी हसू दाबत विचारतं, कुणी आजूबाजूला कुणी नाहीये ना बघून अगदी हळू विचारतं, आणि हळू विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा स्वतःसाठी काहीतरी करून हवं असतं. मी दर वेळी वेगळं उत्तर दिलंय. समोरच्याचा चेहरा बघून दिलंय, खरं सांगायचं तर. आता एकदाच नीट लिहिते, पुन्हा विचारलंत तर हेच वाचायला देईन.

एक आधीच सांगते, सोडून गेलेला माणूस परत आणून द्यायचा स्पेल, म्हणजे तसा मंत्रविधी, मी करत नाही. त्या माणसाला कुणी विचारलंय का त्याला यायचंय की नाही? ते ज्याने त्याने ठरवायचं. यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

मी करते ते फार छोटं आहे. सकाळी कपात चमचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवते आणि दिवसाकडून काय हवंय ते एका वाक्यात मनात म्हणते, काही सोडून द्यायचं असेल तर उलट्या दिशेने. झाडताना आतून दाराकडे झाडते आणि कालचं भांडण केराबरोबर बाहेर चाललंय असं म्हणते. पौर्णिमेला काचेच्या बरणीत पाणी भरून खिडकीत ठेवते. दिवस अवघड जाणार असेल तर दोऱ्याला गाठ मारून खिशात ठेवते आणि संध्याकाळी ती सोडते. झालं. यात रक्त नाही, प्राणी नाही, कुणाचे चोरून आणलेले केस नाहीत. आणि हो, मेणबत्तीखाली जाड काचेची ताटली ठेवा, पडद्यापासून लांब लावा, सेलेनाइट नावाच्या मऊ स्फटिकाचा खडा पाण्यात टाकू नका कारण तो झिजत जातो, मीठ कुंडीत पुरू नका कारण झाड मरतं. हे कुणीच विचारत नाही, म्हणून सांगतेय.

सुरुवातीला मी हे सगळं हजारो वर्षांचं आहे म्हणून सांगायचे. मोठ्या आवाजात सांगायचे. युरोपात ९० लाख बायका चेटकिणी म्हणून जाळल्या, त्यांच्या लेकीसुनांनी हे ज्ञान लपवून आपल्यापर्यंत पोचवलं, असं. ते खरं नाही. इतिहासकारांचा अंदाज ४० ते ६० हजार माणसांचा आहे, आणि त्यात पुरुषही बरेच होते. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्या माणसाला दगडांखाली चिरडून मारलं, जाळलं कुणालाच नाही. त्यातल्या बहुतेकांनी जन्मात कधी स्पेल केला नसेल, ती शेजाऱ्यांच्या भीतीची आणि भांडणांची शिकार होती. त्यांना आपल्या आज्या म्हणणं म्हणजे त्यांच्यावरचा आरोप खरा होता असंच म्हणणं झालं, हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा लाज वाटली.

आज ज्याला आपण विचक्राफ्ट म्हणतो ते तसं पाहिलं तर विसाव्या शतकातलं. इंग्लंडमधला १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ साली रद्द झाला आणि मग जेराल्ड गार्डनर नावाचा निवृत्त कस्टम्स अधिकारी उघडपणे बोलायला लागला. डोरीन व्हॅलिएंटेने १९५३ साली त्याच्याकडून दीक्षा घेतली. त्याने जुने म्हणून दाखवलेले विधी वाचताना तिच्या लक्षात आलं की यातले तुकडे अलिस्टर क्रोली या जादूविद्येवर लिहिणाऱ्या इंग्लिश लेखकाचे आहेत. तिने गार्डनरला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, तुला जमत असेल तर तू याहून चांगलं लिही, आणि तिने लिहिलं. मला ही गोष्ट त्या हजारो वर्षांपेक्षा जास्त आवडते. उसनं आहे हे ओळखूनही ती उठून गेली नाही, बसून नवीन लिहायला लागली.

पण तुमचा प्रश्न इतिहासाचा नाहीये. मी इतिहासात शिरते तेव्हा बहुतेक वेळा उत्तर टाळत असते, हे मला माहितीये.

तर ऐका. पाच वर्षांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, दुखत नव्हती. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे चंद्र वाढता, आणि आमच्यात घालवायच्या गोष्टी उतरत्या चंद्रात करायच्या, म्हणून मी थांबले. वाचताना तुम्हाला जसं वाटतंय तसंच मला आता लिहिताना वाटतंय. मी गाठ हाताला लागलेली असताना पौर्णिमेची वाट बघत बसले.

पौर्णिमेनंतर रोज रात्री काळी मेणबत्ती. कागदाच्या चिठोऱ्यावर लिहायचं, "ही गाठ विरघळो", चार घड्या घालायच्या, बाहेरच्या बाजूला, आपल्यापासून लांब जाईल अशा, मग जाळायचं, राख पाण्यात सोडायची. अमावास्येपर्यंत रोज. आणि मला झोप लागायला लागली. पहिले पंधरा दिवस मी रात्र रात्र जागी होते, हात सारखा तिथे जायचा, आणि विधी सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री मी सलग सात तास झोपले. गाठ लहान झाल्यासारखी वाटायला लागली. बोटांना खरंच तसं वाटत होतं, मी खोटं सांगत नाहीये, बोटं सुद्धा मनाचंच ऐकतात. अमावास्या आली, गाठ होतीच, मग मी स्वतःला सांगितलं की एक फेरी पुरत नाही, अजून एक करू. चंद्राची एक फेरी साडेएकोणतीस दिवसांची. अशा दोन.

ताई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. तिला माझं हे सगळं माहीत होतं, पटत नव्हतं पण ती मध्ये पडायची नाही. रात्री काय करतेस म्हणून तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, गाठींचं एक काम चाललंय. आणि तिने मान डोलावली, कारण दोऱ्याला गाठी मारणं तिने बघितलं होतं. मी खोटं बोलले नव्हते. एकच शब्द होता आणि मी त्याच्यामागे लपले, मुद्दाम लपले, तेव्हा ते मला हुशारीचं सुद्धा वाटलं होतं.

दुसऱ्या फेरीतली शेवटची एक-दोन रात्र राहिली असताना एक चिठोरा टेबलावर उघडाच राहिला. सकाळी ताई तो हातात घेऊन उभी. ती चिडलेली वगैरे नव्हती, शब्दाशी अडलेली होती. म्हणाली, "गाठ सुटते गं. विरघळते कशी?"

मी काहीच बोलले नाही. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "कुठे आहे?"

मी हात धरून दाखवलं. तिने बोटांनी चाचपलं आणि तिचा चेहरा बदलला, आणि त्या क्षणी माझी भीती परत आली, सगळीच्या सगळी, दोन महिन्यांची साठलेली. म्हणजे ती गेली नव्हती, मी तिला झोपवलं होतं. भीतीचं काम होतं मला उठवून डॉक्टरकडे नेणं, आणि मी पंधरा-पंधरा रात्री बसून तिलाच शांत केलं.

त्याच दिवशी गेलो. मॅमोग्राम, सोनोग्राफी, मग बायोप्सी. कॅन्सर होता. दीड सेंटिमीटर, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून जाणवतेय, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, दोन महिने आधी आले असते तर? त्या म्हणाल्या, "बहुतेक फरक पडला नसता." त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं असेल, किंवा ते खरंच असेल. पण तो "बहुतेक" माझ्याकडे राहिलाय. इतक्या वर्षांत मी तो शब्द सगळ्या बाजूंनी उलटून पाहिलाय, त्यात काही सापडत नाही.

तर "खरंच काही होतं का?" हो, झालं ना. स्पेलने मला झोप दिली. हवं तेच मिळालं होतं आणि तेच घातक होतं. मला सगळ्यात राग येतो तो तुम्ही "काही होत नाही गं, नुसतं मनाचं समाधान" असं म्हणता तेव्हा. नुसतं? मनाचं समाधान ही केवढी मोठी गोष्ट आहे आणि ती चुकीच्या जागी मिळाली तर काय होतं ते मी बघितलंय.

आता यावर मी पूर्वी काय बोलायचे ते सांगते, कारण आजही माझ्यात ती बाई आहे. ती २०१० मधल्या हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या प्रयोगाचं सांगायची. आतड्याच्या त्रासाचे ८० पेशंट, त्यातल्या जवळजवळ अर्ध्यांना स्पष्ट सांगून बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, या नुसत्या नावाच्या गोळ्या आहेत म्हणून, तरी तीन आठवड्यांत त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला, गोळी न घेतलेल्यांमध्ये ३५ टक्क्यांना. बघा, ती म्हणायची, विधीत ताकद आहे, माहीत असूनही आहे! आणि आहेच. मी ते अजून मानते. फक्त ती इथे थांबायची. आराम वाटणं वेगळं आणि गाठ जाणं वेगळं, हे पुढचं वाक्य ती बोलायची नाही, आणि ते माहीत नव्हतं असंही नाही.

मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला आणि त्याने लिहून ठेवलं की आतल्या शांत खाडीत मासे मारताना तिथले लोक मंत्रतंत्र करत नाहीत, बाहेर खुल्या समुद्रात जाताना मात्र भरपूर करतात. जिथे जिवाची खात्री नाही तिथे विधी येतो. मी हे कितीदा सांगितलंय लोकांना, माझ्या बाजूचा पुरावा म्हणून. पण त्यानेच पुढे हेही लिहिलंय की त्या माणसांना होडी कशी बांधायची, बाग कशी राखायची हे पक्कं ठाऊक होतं आणि मंत्र आहे म्हणून ते काम त्यांनी कधी सोडलं नाही. होडीला भोक असताना मंत्र म्हणत कुणी समुद्रात गेलं नाही. मी गेले.

मग तू हे सोडून का दिलं नाहीस, हा दुसरा प्रश्न, तोही येणारच. सोडलं होतं. ऑपरेशननंतर मी मेणबत्त्या, बरण्या, सगळं एका खोक्यात भरून ताईला दिलं आणि म्हटलं टाकून दे. नंतर रेडिएशन सुरू झालं, १५ दिवस, शनिवार-रविवार सोडून रोज. त्या टेबलावर हात डोक्यामागे घेऊन एकटीने झोपायचं असतं, सगळे खोलीच्या बाहेर जातात, दार बंद होतं. दुसऱ्या दिवशी परत यायला पाय उचलत नव्हते. तिसऱ्या दिवशी ताईने जाताना माझ्या हातात एक दोरी ठेवली. काही बोलली नाही. मी त्या दिवशी तीन गाठी मारल्या, झालेल्या दोन दिवसांच्या दोन आणि त्या दिवसाची एक, आणि मग रोज एक. त्या दोरीने ट्यूमरला काही केलं नाही, केलं ते मशीनने आणि सर्जनच्या हाताने. दोरीने मला त्या दारातून आत नेलं. उरलेले तेराही दिवस नेलं. याला तुम्ही काय म्हणाल? चालतं म्हणाल की नाही म्हणाल?

मला यातून एक नियम काढून तुम्हाला देता आला असता, आणि काही दिवस मी तो देतही होते, आधी डॉक्टर मग मेणबत्ती वगैरे. पण तो नियम मला तेव्हाही माहीत होता! पुस्तकांत असतो, प्रत्येक जण सांगतो, मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलेला आहे. त्या दोन महिन्यांत माझ्या मनात मी डॉक्टरकडे जाणारच होते, फक्त ही एक फेरी झाल्यावर. म्हणून नियम सांगितला की आपण सुटलो असं मला वाटत नाही. आणि सगळं खोटं आहे, फेकून द्या, असं म्हणायला लागले तर ती दोरी आडवी येते.

गाठीचा विधी शिकवणारे सांगतात की काम झालं की गाठी सोडायच्या, नाहीतर अडकवलेलं अडकूनच राहतं. मी त्या १५ सोडलेल्या नाहीत. ताई दोनदा विचारून झाली.

पुढच्या महिन्यात वार्षिक मॅमोग्राम आहे. परवा तारीख घेतली, फोन ठेवला, आणि मग त्या दिवशी चंद्र कुठला असेल ते काढून बघितलं. वाढता आहे. तारीख बदलली नाही मी. पण बघितलं.